५७६ मेगापिक्सेलची थाप

गणपती बसले त्या दिवशी, म्हणजे २७ ऑगस्ट २०२५ला, तळजाईवर फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटेच एक मजकूर येऊन पडला. वर मोदकाचं चित्र आणि खाली: ‘माणसाचा डोळा म्हणजे ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा. विधात्याच्या या देणगीपुढे लाखाचा फोनही फिका.’ त्याखाली अकरा जणांचे जोडलेले हात.

योग असा, की त्याच आठवड्यात माझी भाची जर्मनीत माइन्झला होती. माणसाला दिसतं कसं, या एकाच प्रश्नाच्या मागे लागलेल्या लोकांची तिथं जत्रा भरली होती. तिचं नाव युरोपियन कॉन्फरन्स ऑन व्हिज्युअल पर्सेप्शन. १९७८ साली जर्मनीतल्याच मारबुर्गला ती सुरू झाली, आणि ऑगस्टअखेरीला दरवेळी युरोपातल्या वेगळ्या गावी भरते. मानसशास्त्रज्ञ, मेंदूचे अभ्यासक, गणिती, संगणकवाले, सगळे एका मांडवात. वर्षातल्या सर्वोत्तम दृष्टिभ्रमाला बक्षीस देणारी जी स्पर्धा आहे, तिचा पहिला फडही २००५ साली याच परिषदेच्या निमित्तानं स्पेनमध्ये रंगला होता. भाची नुसती ऐकायला गेली होती. मोदक हुकल्याचं दुःख होतंच. तिला मी तो मजकूर पाठवला. उत्तर आलं: ‘मामा, हा कॅमेरा सेकंदाला तीनदा हिसके खातो, तरी एकही फोटो हललेला येत नाही. का, ते विचार तुझ्या मित्रांना.’

मित्रांना काय विचारणार! मी स्वतः तीस वर्षं तंत्रनिकेतनात पदार्थविज्ञान शिकवलं. भिंग काढायचं, मागे पडदा काढायचा, पडद्यावर उलटा बाण काढायचा आणि ‘डोळा कॅमेऱ्यासारखा असतो’ म्हणून पुढच्या धड्याकडे वळायचं. या लेखातली निम्मी माहिती मला निवृत्तीनंतर कळली आहे.

आधी तो ५७६चा हिशेब. आकडा हवेतून आलेला नाही. रॉजर क्लार्क नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं समोरचा १२० अंश रुंद आणि १२० अंश उंच चौकोन घेतला. एका अंशात ६० कलांश. डोळा ०.३ कलांशापर्यंतचा बारकावा पकडतो असं धरलं, तर एका बाजूला २४ हजार ठिपके होतात. २४ हजाराचा वर्ग करा: ५७ कोटी ६० लाख. गणित चोख आहे. पण इतका बारकावा त्या सगळ्या चौकोनात एकाच वेळी दिसत नाही. नजर सगळीकडे फिरवली तरच तो मिळतो, आणि हे खुद्द क्लार्क यांनीही सांगितलेलं आहे. पुढे पाठवणाऱ्यांनी आकडा ठेवला, फिरणं गाळलं.

प्रत्यक्षात दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या ६० लाख शंकुपेशी असतात, आणि मेंदूकडे जाणारे तंतू असतात जेमतेम १० लाख. शंकुपेशींची खरी दाटी पटलाच्या मध्यावरच्या पीतबिंदूतल्या इवल्याशा खळग्यात. हात लांब करून अंगठा धरा. नखाएवढ्या त्या तुकड्यात तुम्हाला लख्ख दिसतं, बाकी सगळं कमीअधिक पुसट. विश्वास बसत नसेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळवा आणि ती न हलवता तीन ओळी खालचा मजकूर वाचून दाखवा.

मग आपल्याला सगळं जग स्वच्छ का वाटतं? कारण तो नखाएवढा तुकडा आपण सतत इकडून तिकडे नेत असतो. लक्ष्मी रोड ओलांडताना रिक्षा, स्कूटर, खड्डा, पुन्हा रिक्षा. पाटी वाचतानाही नजर ओळीवरून सरकत नाही, बेडकासारखी उड्या मारत जाते. प्रत्येक मुक्काम सुमारे पाव सेकंदाचा. या उडीला शास्त्रीय नाव ‘सॅकेड’. फ्रेंच शब्द आहे, मूळ अर्थ घोड्याच्या लगामाला दिलेला हिसका. सेकंदाला तीन म्हणजे सोळा तासांच्या जागेपणी पावणेदोन लाखांच्या आसपास हिसके. मोठ्या उडीत डोळ्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही वर जातो. शरीरातल्या सर्वांत चपळ हालचालींपैकी ही एक.

आता फोनवर व्हिडिओ लावा आणि फोनला असेच हिसके देत फिरवा. पाहणाऱ्याला मळमळेल. पण दिवसभर हेच करणाऱ्या डोळ्याचं चित्र आपल्याला निवांत दिसतं. आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात पाहा, मग उजव्या, पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हलताना तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारी बायको उभी असेल तर तिला स्पष्ट दिसतील. एर्डमान आणि डॉज या जोडीनं १८९८ साली ही गंमत नोंदवली. गंमतीची पुढची पायरी म्हणजे फोनचा सेल्फी कॅमेरा. त्यात पडद्यावरचं चित्र किंचित उशिरा येतं, त्यामुळे तुमची उडी संपल्यावर ती तुम्हाला दिसते!

इथं दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. उडीच्या वेळचा फराटा का दिसत नाही, हा एक. उडी संपल्यावर जग जागेवरून सरकलं असं का वाटत नाही, हा दुसरा. मला वेड लावलं ते दुसऱ्यानं.

एक डोळा मिटा. उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, पापणीवरून, बोटानं अगदी हलकेच दाबा. (नुकतं मोतीबिंदूचं किंवा डोळ्याचं दुसरं कोणतंही ऑपरेशन झालं असेल, तर कृपा करून करू नका.) समोरची खोली हलते. बोटानं डोळा जेमतेम सरकला तर घर डोलतं, आणि स्वतःहून तो याच्या दसपट फिरवला तर काही होत नाही! एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं यातून अचूक निष्कर्ष काढला: मेंदू फक्त येणारं चित्र पाहत नाही, डोळ्याला आपण कोणता हुकूम दिला हेही जमेस धरतो. उलटा पुरावा हवा? दिव्याकडे क्षणभर पाहा आणि अंधार करा. दिव्याचा ठसा डोळ्यासमोर तरंगत राहील. नजर फिरवली की ठसा बरोबर फिरतो, बोटानं डोळा ढकलला तर जागचा हलत नाही. ठसा दृष्टिपटलावर चिकटलेला आहे, तो दोन्ही वेळी तितकाच सरकला. फरक फक्त हुकुमाचा.

सरकारी पत्राच्या तळाशी एक ओळ असते, ‘प्रत माहितीसाठी सादर’. मेंदूतही तेच चालतं. डोळ्याच्या स्नायूंना ‘दहा अंश उजवीकडे’ असा आदेश निघतो, तेव्हा त्याची एक प्रत पाहण्याचं काम करणाऱ्या खात्यांकडेही जाते. चित्र दहा अंश डावीकडे सरकलं, की ती खाती म्हणतात, हे अपेक्षितच होतं, नस्ती बंद. बोटानं ढकलल्यावर चित्र सरकतं पण प्रत आलेली नसते, म्हणून दोष जगावर जातो. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, त्यामागचं तत्त्वही हेच.

१९५० साली जर्मनीत फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट यांनी आणि अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी स्वतंत्रपणे या कल्पनेला नेमकं रूप दिलं. पण प्रत जाते कुठल्या वाटेनं? २००२ साली सोमर आणि वुर्ट्झ यांनी माकडांमध्ये ती वाट धरली. मध्यमेंदूतल्या सुपिरियर कोलिक्युलसमधून निघून, थॅलॅमस या मधल्या ठाण्यावरून, पुढच्या खंडातल्या नेत्रक्षेत्राकडे. त्यांनी माकडाला लागोपाठ दोन ठिपके दाखवले आणि ते विझल्यावर अंधारात त्याच क्रमानं दोन उड्या मारायला शिकवलं. दुसरी उडी बरोबर पडायची तर पहिलीनं डोळा किती सरकला ते ठाऊक हवं. मधलं ठाणं औषधानं तात्पुरतं बंद केलं, तर पहिली उडी नीट आणि दुसरी चुकलेली. आदेश पोचला होता, प्रत अडकली होती.

त्याआधी, १९९२मध्ये, दुहामेल, कोल्बी आणि गोल्डबर्ग यांना आणखी विलक्षण काही सापडलं होतं. इथं जरा सावकाश वाचा. मेंदूच्या पार्श्वखंडातल्या प्रत्येक पेशीची एक हद्द असते. दृष्टीच्या तेवढ्या तुकड्यात काही घडलं तरच ती पेशी बोलते, एरवी ‘आमच्या हद्दीत नाही’. ही हद्द डोळ्याला बांधलेली असते, डोळा सरकला की तीही सरकते. पण यातल्या काही पेशी डोळा हलण्याच्या आधीच, उडीनंतर जी आपली हद्द होणार आहे तिथल्या ठिपक्याची दखल घेऊ लागतात. डोळा अजून जागेवर आहे, प्रकाशकिरण जुन्याच ठिकाणी पडताहेत आणि पेशी नव्या चौकीवर हजर. हा परिच्छेद मी स्वतः चारदा लिहिला, तेव्हा दोनदा वाचावा लागला तर वाईट वाटून घेऊ नका.

मध्यमेंदूचं नाव निघालंच आहे तर सांगतो. ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलगा पत्त्यांचे रंग ओळखतो, पालक हजारो रुपये भरतात. मुलं नाकाच्या बाजूच्या फटीतून खाली पाहतात, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी पुन्हा पुन्हा उघड केलं आहे. फट नीट बुजवली की शक्ती जाते. दुःख याचं, की मध्यमेंदूची खरी करामत याहून मोठी आहे आणि फुकट आहे. कोलिक्युलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटी टेकडी. ती प्रत्येकाच्या डोक्यात आहे आणि तुमच्या मुलाच्या नजरेला रोज लाखाच्या वर उड्या मारायला लावते आहे. आणखी किती अ‍ॅक्टिव्हेट करायची?

फराट्याचा प्रश्न थोडक्यात. १९७८ साली कॅम्पबेल आणि वुर्ट्झ यांनी अंधाऱ्या खोलीत फक्त उडी चालू असतानाच दिवा लावला. लोकांना फराटा दिसला. उडीच्या आधी आणि नंतरही दिवा चालू ठेवला, तर नाहीसा झाला. म्हणजे आधीची आणि नंतरची स्वच्छ चित्रं मधल्या गिचमिडीवर पांघरूण घालतात. शिवाय उडीच्या वेळी डोळ्याची संवेदनशीलताही उतरते, विशेषतः ढोबळ, काळ्यापांढऱ्या आकारांबाबत. मधल्या त्या रिकाम्या वेळाचं काय होतं? टकटक करणाऱ्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे एकदम नजर टाका. पहिला सेकंद लांबलेला वाटतो, क्षणभर वाटतं घड्याळ बंद पडलं. काटा दिसल्याची वेळ मेंदूनं उडी सुरू झाली तिथवर मागे ढकललेली असते.

संवेदना उतरवण्याचा हुकूम देतं कोण, यावर मात्र अजून भांडण आहे. प्रतीचंच काम, असं एक घराणं म्हणतं. २०२०मध्ये जर्मनीतल्याच ट्युबिंगेनच्या गटानं उंदीर आणि डुकरांच्या, डोळ्यातून वेगळ्या काढलेल्या दृष्टिपटलावर दाखवलं, की चित्र नुसतं झपकन सरकवलं तरी तिथल्या पेशी काही क्षण मंदावतात. तिथं ना मेंदू ना हुकूम. भाचीचा कल या दुसऱ्या घराण्याकडे.

दिवाळीला ती आली, तेव्हा आम्ही लोणावळा लोकलनं निघालो. ‘मामा, उडीत आपण पूर्ण आंधळे नसतो, हे बघ,’ म्हणत तिनं मला खिडकीशी बसवलं. शेजारच्या रुळांवरचे स्लीपर गाडीच्या वेगात एकमेकांत मिसळून करडा पट्टा झाले होते. त्यावरून नजर पुढून मागे झटक्यात फेकायची. उडीचा वेग आणि स्लीपर मागे पळण्याचा वेग जुळला, तर चित्र दृष्टिपटलावर थांबतं. शिवाजीनगर सुटल्यावर पाच-सहा वेळा काहीच झालं नाही, समोरचे गृहस्थ माझ्याकडे काळजीनं पाहू लागले. मग अचानक एक स्लीपर, भोवतीच्या खडीसकट, क्षणभर लख्ख उभा राहिला. पुन्हा जमेपर्यंत खडकी आलं होतं.