मोकासा

मोकासा : गावाच्या किंवा परगण्याच्या सरकारी वसुलातून सरदाराला लष्करी चाकरीपोटी नेमून दिलेला वाटा. जमिनीची मालकी त्यात येत नाही, फक्त वसुलाचा हक्क येतो. हा हक्क ज्याच्याकडे तो मोकासदार किंवा मोकासी. मोकाशी हे आडनाव यातलेच. नाशिक भागातल्या जुन्या मोडी कागदांत हा शब्द दिसला की वाचणाऱ्याने आधी कागदाचा काळ पाहावा. 1719 पूर्वीचा मोकासा आणि नंतरचा मोकासा, शब्द एकच असला तरी रकमा फार वेगळ्या.

निजामशाही-आदिलशाहीत मोकासा म्हणजे त्या मुलखाचा जवळजवळ सगळा सरकारी वसूल. पुणे आणि सुपे हे परगणे शहाजीराजांकडे होते ते याच अर्थाने. पुढे मार्च 1719 मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथांनी दक्षिणेतल्या सहा मोगली सुभ्यांच्या चौथाईच्या (वसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखीच्या (त्याखेरीज दशांश) सनदा मिळवल्या. सुभे असे : औरंगाबाद, खानदेश, वऱ्हाड, बीदर, हैदराबाद, विजापूर. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार स्वारांनिशी बादशहाची चाकरी करायची होती. ही चौथाई आपसांत वाटून घेताना तिच्या मोठ्या हिश्शाला मोकासा हे जुनेच नाव दिले गेले, आणि घोटाळ्याचे मूळ इथे आहे.

वाटणी हिशेबाने पाहू. गावाची जमा, म्हणजे सरकारी वसूल, 1000 रुपये धरली तर चौथाई 250 रुपये. तिचा पाव हिस्सा, 62 रुपये 8 आणे, राजबाबती म्हणून छत्रपतींचा. उरलेल्या तीन हिश्शांचे नाव मोकासा. पण तोही सगळा सरदाराला मिळत नसे. चौथाईवर शेकडा सहा, म्हणजे 15 रुपये, साहोत्रा म्हणून अष्टप्रधानांतल्या पंत सचिवांकडे जात. शेकडा तीन, म्हणजे 7 रुपये 8 आणे, नाडगौडा. तो कोणाला द्यायचा ते छत्रपतींच्या मर्जीवर. राहिले 165 रुपये, हाच ऐन मोकासा. सरदेशमुखीचा दशांश याहून वेगळा. तो जमेतून आधी वजा केला असेल तर चौथाई 900 वर बसते, 225 होते, आणि खालचे सगळे आकडे बदलतात. म्हणून ताळेबंद जुळत नसेल तर पहिली शंका इथे घ्यावी.

बाकीचा वसूल मोगली जहागीरदाराचा. एकाच गावात दोन सत्तांचे कमाविसदार (वसूल करणारे अधिकारी) उभे, याला दुअंमल म्हणत. नाशिक तेव्हा कागदोपत्री गुलशनाबाद होते आणि या भागाने दुअंमल पुरेपूर भोगला. दक्षिणेतल्या मोगली सुभ्यांचा कारभार हाती असलेल्या निजामाला चौथाई मान्य नव्हती. 1728 साली पालखेडच्या लढाईनंतर मुंगी-शेवगावच्या तहात त्याने ती कबूल केली. (हे पालखेड वैजापूर तालुक्यातले, नाशिक जिल्ह्यातल्या धरणाच्या पालखेडशी त्याची गल्लत नेहमी होते.) कमाविसदारांच्या या ओढाताणीत खरा जाच रयतेला आणि पाटलाला होई : एकाची पावती दुसरा मानेलच असे नाही, आणि जमा कोणती धरायची, कागदावरची की पिकाप्रमाणे प्रत्यक्ष आलेली, हा वाद दरसाल ताजा.

याच दोन अंमलांचा ठसा इनामपत्रांवर आहे. पेशवाईतल्या सनदेत गाव इनाम देताना ठरीव मजकूर येतो : ‘स्वराज्य व मोगलाई एकूण दुतर्फा, देखील सरदेशमुखी, कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, जल तरू तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप सहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून’. ‘कुलबाब कुलकानू’ म्हणजे सगळ्या बाबी आणि कर, ‘हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी’ म्हणजे सध्याच्या आणि पुढे बसतील त्या पट्ट्या. इथे ‘स्वराज्य’ हे वसुलाच्या सदराचे नाव आहे, म्हणजे मराठ्यांकडचा हिस्सा. ‘मोगलाई’ म्हणजे पूर्वी मोगलांकडे असलेला. ‘दुतर्फा’ लिहिले असेल तर दोन्ही हिस्से मिळाले. सनदेत फक्त ‘मोकासबाब’ असेल तर वरच्या हिशेबात हजारातले 165 रुपयेच इनामदाराच्या पदरी पडतात. ‘गाव इनाम होते’ एवढ्या घरच्या सांगण्यावर विसंबून आख्खा वसूल धरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. शेवटचे ‘खेरीज’ही वगळू नये : पाटील, कुलकर्णी, देशमुख यांचे हक्क या इनामाबाहेर राहतात.

कागदाचा काळ ठरवायला शुहूर सन उपयोगी पडतो. तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो आणि एकक आधी येतो. ‘तिसा अशर मया व अलफ’ म्हणजे 9, 10, 100 आणि 1000 : एकूण 1119. त्यात 599 मिळवले की इसवी सन, 1718. मात्र हे वर्ष मृगापासून मोजतात, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवावे. सनदांचा मार्च याच 1119 मध्ये, त्याच्या उत्तरार्धात पडतो.