एकसष्टच्या पोटात दडलेली संख्या

बेळगावात गणपत गल्लीत एकसष्ट रुपयांची खरेदी केली, तर आपण ‘एकसष्ट’ म्हणतो: एक आधी, साठ मागून. शेजारचं कानडी गिऱ्हाईक ‘अरवत्तोंदु’ म्हणतं: साठ आधी, एक मागून. एकोणपन्नासला आपण पन्नासातून एक कमी करतो, तर ‘नलवत्तोंबत्तु’ म्हणजे सरळ चाळीस आणि नऊ. माझ्या शिकवणीला दोन्ही घरांतली मुलं येतात. त्यांच्यासाठी मी फळ्यावर एक संख्या लिहिते: १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

ही संख्या जन्मली ती याच एकसष्टपासून. कोडं असं: एखाद्या संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, त्यात १ मिळवा; उत्तर पूर्ण वर्ग आलं पाहिजे. ६१ च्या जागी ६० घेतले तर ४ वर काम भागतं, कारण ६० × १६ + १ = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतात: ६२ × ६४ + १ = ३९६९, हा ६३ चा वर्ग. मधल्या ६१ ला मात्र २२,६१,५३,९८० च्या आत एकही संख्या चालत नाही! तिथे पोचल्यावर वर्गमूळ निघतं ते फळ्यावरची आपली संख्या.

भास्कराचार्यांनी हे उत्तर ११५० च्या सुमारास ‘बीजगणिता’त दिलं. फ्रेंच गणिती फर्मानं हेच ६१ चं कोडं युरोपातल्या गणितींपुढे टाकलं ते १६५७ साली. हे मुलांना सांगताना मला दर वेळी भरून येतं.

एवढी मोठी संख्या चाचपडत सापडत नाही. भास्कराचार्यांची रीत चक्रवाल. आलेलं उत्तर पुन्हा त्याच चाकात घालायचं. सुरुवात ८ पासून: ८ चा वर्ग ६४, एकसष्टपेक्षा ३ जास्त. पुढच्या फेरीत ३९ आणि ५ मिळतात. ३९ चा वर्ग १५२१ आणि ६१ × २५ = १५२५, म्हणजे फक्त ४ कमी. इथे ब्रह्मगुप्तांची ‘भावना’ कामी येते: अशा दोन जवळपास जुळणाऱ्या जोड्या एकमेकींत गुंफून तिसरी काढायची. तिनं २९७१८ आणि ३८०५ हाती लागतात. आता चूक उरते उणे १ ची. ही जोडी स्वतःशीच गुंफली की उणे गुणिले उणे अधिक, आणि कोडं सुटतं.

म्हणून फळ्यावरच्या या संख्येतून १ वजा करून निम्मे करा: ८८,३१,५९,५२४, बरोबर २९७१८ चा वर्ग. १ मिळवून निम्मे करा: ८८,३१,५९,५२५, म्हणजे ३८०५ च्या वर्गाची ६१ पट. दोन सख्खे शेजारी. गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीनं हे दोन्ही गुणाकार वहीत हातानं केले आणि शेवटचे अंक ४ आणि ५ आल्यावर पेन्सिल ठेवून माझ्याकडे नुसती बघत राहिली.