मासेमारीचा पोल : खंडांची वाढती लांबी

मासेमारीचा पोल म्हणजे रीळ नसलेली, पोकळ नळ्या एकमेकींना जोडून उभी राहणारी लांब काठी होय. तिचा दोरा शेंड्याशीच जोडलेला असतो. काठीतील प्रत्येक नळीला खंड म्हणतात. बुंध्याकडचा खंड सर्वांत जाड आणि शेंड्याकडचा सर्वांत बारीक असतो. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, इटली या देशांत नद्या, कालवे व तळ्यांवर होणाऱ्या स्पर्धात्मक मासेमारीत हे साधन मुख्य मानले जाते, आणि तेथील पोलची लांबी साधारणतः ११ ते १६ मीटर असते. कार्बन तंतूंचे पोल रूढ झाल्यापासून त्यांच्या रचनेत एक कल सातत्याने दिसतो : एकूण लांबी तेवढीच ठेवून खंडांची संख्या कमी करायची आणि प्रत्येक खंड लांब करायचा. जाहिरातींत या बदलाचे श्रेय बहुधा घटलेल्या वजनाला दिले जाते. वजन हे कारण खरे असले तरी एकूण बदलात त्याचा वाटा समजला जातो तेवढा मोठा नाही.

पोलचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात खंड पूर्णपणे सुटे होतात. वरच्या खंडाचा बुंधा खालच्या खंडाच्या शेंड्यावर बाहेरून चढतो किंवा त्याच्या तोंडात आतून बसतो. फ्रान्समध्ये या प्रकाराला उत्तरेकडील रूबे या कापडगिरण्यांच्या शहराच्या नावावरून ‘रूबेझियेन’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात सर्व खंड दुर्बिणीसारखे एकात एक सरकून बुंध्याच्या खंडात मावतात. पहिल्या प्रकारात खंड किती लांब असावा हे मुख्यतः तो हाताळण्याच्या सोयीवर ठरते. दुसऱ्यात त्यावर संपूर्ण काठीची भूमितीच अवलंबून असते.

कार्बनपूर्व काळात खंडाची लांबी ठरवणे फारसे कारागिराच्या हातात नव्हते. लंडनच्या परिसरात ली व थेम्स या नद्यांवर रोच जातीचे मासे धरण्यासाठी वापरले जाणारे जुने पोल बांबूचे असत. सरळ, एकसारखा निमुळता होत जाणारा आणि पेरांवर न वाकलेला बांबू जेवढा सलग मिळे, तेवढाच खंड होई. जपानमध्ये हीच अडचण कौशल्याने हाताळली गेली. वाकायामा प्रांतातील हाशिमोतो येथे ‘हेराबुना’ या माशासाठी बनणाऱ्या काठ्यांत शेंडा, मधला भाग आणि बुंधा यांसाठी बांबूच्या वेगवेगळ्या जाती वापरतात. बांबू शेकून सरळ करतात आणि सांध्यांवर दोरा गुंडाळून लाखेचा लेप देतात. या काठ्यांचे खंड साधारणपणे मीटरभराचे असतात, आणि नेताना बारीक खंड जाड खंडांच्या पोकळीत ठेवले जातात. या कलेला जपान सरकारने २०१३ मध्ये पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. कार्बनचा जमाना येऊनही हेराबुनाच्या काठ्यांनी मीटरभराचे हे माप बऱ्याच अंशी टिकवून ठेवले आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

कार्बन तंतूंचे तंत्र १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमान संशोधन संस्थेत विकसित झाले आणि पुढच्या दशकात ते गळाच्या काठ्यांपर्यंत पोहोचले. त्याआधीच्या फायबरग्लासच्या नळ्या जड होत्या आणि लांब पोलमध्ये त्या स्वतःच्याच भाराने लवत. कार्बनची नळी बनवताना राळ मुरवलेले कार्बनचे कापड निमुळत्या पोलादी दांड्यावर गुंडाळतात, त्यावर आकसणारी पट्टी ताणून लपेटतात, भट्टीत तापवून राळ पक्की करतात आणि शेवटी दांडा ओढून काढतात. लांब खंडासाठी दांडा तितकाच लांब आणि पूर्ण सरळ लागतो, भट्टी मोठी लागते, कापड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुरकुती न पडता गुंडाळावे लागते, आणि पातळ भिंतीची नळी न तडकता दांडा बाहेर काढावा लागतो. या गोष्टी जमू लागल्या तसतसा दीड मीटरच्या आसपासचा किंवा त्याहूनही आखूड खंड मागे पडून पावणेदोन मीटरच्या जवळपासचा खंड परिचयाचा झाला.

सांध्यामुळे वजनात किती फरक पडतो हे साध्या हिशेबाने पाहता येते. १३ मीटरचा पोल सारख्या लांबीच्या १० खंडांचा आहे आणि प्रत्येक सांध्यात १२ सेंटिमीटर भाग एकावर एक येतो असे धरले, तर प्रत्येक खंड सुमारे १.४१ मीटरचा आणि सर्व नळ्यांची मिळून लांबी १४.०८ मीटर होते. तोच पोल ८ खंडांत केला तर खंड १.७३ मीटरचा होतो आणि नळ्यांची एकूण लांबी १३.८४ मीटर भरते. प्रत्यक्षात खंड सारख्या लांबीचे नसतात आणि सांध्यांची खोलीही जागोजागी बदलते. तरीही या गणितातून प्रमाणाचा अंदाज येतो. दोन सांधे गेल्याने नळी वाचली ती जेमतेम २४ सेंटिमीटर. सांध्याच्या जागी भिंत जाड करण्यासाठी दिलेले जादा थर वाचतात हे खरे, पण चांगल्या प्रतीचा १३ मीटरचा पोल मुळात एक किलोग्रॅमहूनही हलका असतो, त्यामुळे एकूण वजनात होणारी ही बचत फार मोठी ठरत नाही.

वजन किती कमी झाले यापेक्षा ते कोठे कमी झाले हे अधिक महत्त्वाचे आहे. पोल आडवा धरल्यावर हातावर येणारा भार वजन आणि हातापासूनचे अंतर यांच्या गुणाकाराने ठरतो. म्हणून हातापासून १२ मीटरवरचा एक ग्रॅम २ मीटरवरच्या सहा ग्रॅमएवढा जाणवतो. शेंड्याकडील एक सांधा कमी झाला तर त्याचा लाभ बुंध्याकडील सांध्याच्या मानाने कितीतरी अधिक मिळतो. दुसरी गोष्ट वाकण्याची. सांध्यात दोन भिंती एकावर एक असल्याने तेवढा भाग ताठ राहतो आणि वाक त्याच्या दोन्ही बाजूंना ढकलला जातो. असे ताठ टप्पे कमी झाले की पोलचा वाक सलग होतो आणि गळ ओढल्यावर शेंड्याचे थरथरणे लवकर थांबते. सरावलेल्या मासेमाराला वजनातील फरकापेक्षा हा फरक आधी कळतो.

तथापि लांब खंडांना खरी चालना मिळाली ती पोल वापरण्याच्या पद्धतीमुळे. सुट्या खंडांच्या पोलने मासेमारी करणारा काठावर पेटीवजा आसनावर बसतो आणि त्याच्या पाठीमागे रूळ लावलेला असतो. मासा लागला की संपूर्ण पोल त्या रुळावरून मागे सरकवला जातो, ठरलेल्या सांध्यावर शेंड्याकडील भाग सुटा केला जातो आणि केवळ तो भाग हातात धरून मासा हातजाळ्यात घेतला जातो. या सुट्या होणाऱ्या भागाला ‘टॉप किट’ म्हणतात. शेंड्यापासून गळापर्यंतचा दोरा टॉप किटच्या लांबीहून फारसा अधिक असून चालत नाही, कारण मग मासा जाळ्याच्या टप्प्यात येत नाही. म्हणजेच किती खोल पाण्यात सहजपणे मासेमारी करता येईल हे टॉप किटच्या लांबीवर ठरते. त्यातच टॉप किटच्या पोकळीतून एक लवचीक रबरी दोर ओवलेला असतो आणि शेंड्यातून बाहेर येणाऱ्या त्याच्या टोकाला गळाचा दोरा जोडतात. मोठा मासा पळू लागला की तो ताणला जातो आणि धक्का शोषून घेतो. किट जितका लांब तितका हा दोर लांब आणि ताण घेण्यास अधिक वाव. पूर्वी तीन खंडांनी साधली जाणारी लांबी दोन खंडांत साधण्याची पद्धत रुळली ती यामुळेच. मजबूत किटांमध्ये तर आता ही रचनाच सर्वसामान्य आहे.

स्पर्धांच्या नियमांनीही या कलाला हातभार लावला. गोड्या पाण्यातील मासेमारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत पुरुषांच्या गटात पोलची कमाल लांबी १३ मीटर आहे. एकूण लांबीवर मर्यादा आल्यावर निर्मात्यांना स्पर्धा करण्यासाठी जागा उरली ती तीच लांबी कशी विभागायची यात, आणि ताठपणा, समतोल व खंडरचना हेच विक्रीचे मुद्दे झाले. ब्रिटनमधील पैसे भरून वापरायच्या खासगी तळ्यांवर १६ मीटरपर्यंतचे पोल चालतात, तेथे पोल मागे ओढताना सांध्यांची संख्या आणि पाठीमागची मोकळी जागा या दोन्हींचा विचार करावा लागतो.

एकात एक सरकणाऱ्या काठ्यांचे गणित निराळे आहे. त्यांत प्रत्येक खंड पुढच्या खंडाच्या पोकळीत मावावा लागतो. त्यामुळे खंड जेवढे अधिक, तेवढा बुंधा जाड होत जातो. खंड लांब केले की पायऱ्या कमी होतात आणि बुंधा सडपातळ राहतो. जपानमध्ये ‘आयु’ माशासाठी जिवंत आयुचाच आमिष म्हणून वापर करतात. त्यासाठीची सुमारे ९ मीटरची काठी साधारण आठ खंडांची असून मिटवल्यावरही ती दीड मीटरच्या आसपास भरते. दिवसभर हातात पेलायची काठी हलकी व नेमकी असावी म्हणून तेथील मासेमार मिटवलेल्या लांबीची गैरसोय सोसतो. याउलट डोंगरी ओढ्यांवर वापरायच्या तेनकारा काठ्या मिटवल्यावर पाठीवरच्या पिशवीत मावाव्यात अशा, अर्धा मीटर ते साठ सेंटिमीटरच्या असतात. झाडीतून चढत जाणाऱ्याला लांब खंड अडचणीचाच ठरतो. फ्लाय मासेमारीच्या, म्हणजे कृत्रिम माशीचे आमिष फेकून केल्या जाणाऱ्या मासेमारीच्या, काठ्यांचा प्रवास तर उलट दिशेने झाला आहे : पूर्वी दोन तुकड्यांची असणारी काठी आता विमानप्रवासाच्या सोयीसाठी बहुधा चार तुकड्यांची येते. तेव्हा खंड लांब करण्याचा कल सर्व काठ्यांना लागू नाही. मासेमार गाडीने थेट काठापर्यंत पोहोचतो आणि एका जागी बसून राहतो, तेथेच तो जोमाने दिसतो.

लांब खंडांची किंमतही मोजावी लागते. पावणेदोन मीटरची नळी लहान मोटारीत आडवी बसत नाही, टपालाने पाठवताना लांबीच्या मर्यादेत अडकते, आणि तडा गेला तर बदलायचा भाग मोठा व म्हणून महाग असतो. कार्बनचे पातळ थर दाब व ताण सहन करतात, पण बाजूने बसलेला ठोका त्यांना सोसत नाही. पोलची लांबी मोठ्या टप्प्यांनीच कमीजास्त होते, ही आणखी एक अडचण; ती टाळण्यासाठी बुंध्याला जोडायचे आखूड जादा तुकडे मिळतात. सांधे कमी झाले तरी वाळूचा कण एका सांध्यात अडकला की तो सांधा झिजतो किंवा घट्ट बसून सुटत नाही, हा त्रास मात्र तसाच राहिला आहे. शिवाय कार्बन विजेचा वाहक असल्याने उच्चदाबाच्या तारांखाली कोणताही लांब पोल उभा करणे जिवावर बेतू शकते.

कोकणच्या खाड्यांवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, वापरली जाणारी बांबूची काठी या चर्चेबाहेरची वाटली तरी एका अर्थी ती टोकाचे उदाहरण आहे, कारण ती एकाच खंडाची असते. तिला सांधा नाही, झिजणारे तोंड नाही आणि तिचा वाक बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सलग आहे. मात्र ती घरापासून खाडीपर्यंत खांद्यावरून न्यावी लागते आणि सलग सरळ बांबू जेवढा मिळेल तेवढीच तिची लांबी. १३ मीटरचा पोल एकाच नळीत बनवणे आजच्या तंत्राला अशक्य नसले, तरी तो काठापर्यंत नेता येणार नाही, आणि मासा लागल्यावर सुटा करून हाताशीही आणता येणार नाही.