३०३ चा ६०६ का होतो?

परवा रात्री भाचीचा फोन, आवाज रडवेला. तिच्या साडेपाच वर्षांच्या लेकीने घराचं चित्र काढलं, दारावर फ्लॅट नंबर टाकला, तर ३०३ च्या जागी ६०६! मग भाचीने तिच्या जुन्या वह्या चाळल्या, निम्मे ३ उलटे. कुणीतरी कानात डिस्लेक्सिया (म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातली अडचण) हा शब्द टाकला आणि झोप उडाली.

आता गंमत बघा. कपाचा कान उजवीकडे असो नाहीतर डावीकडे, कप तो कपच. वाघ डावीकडून येवो की उजवीकडून, पळायचंच असतं. त्यामुळे डावं-उजवं उलटलं तरी वस्तू तीच, हे मेंदूत लाखो वर्षांपासून पक्कं बसलंय. लिखाण मात्र जेमतेम ५ हजार वर्षांचं, त्यासाठी वेगळा भाग तयार व्हायला वेळ कुठे मिळाला, म्हणून वाचायला शिकताना मेंदू डाव्या बाजूचा, मागे खालच्या अंगाचा, चेहरे नि वस्तू ओळखणारा पट्टा अक्षरांच्या कामाला जुंपतो. फ्रान्सचे मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दएन यांच्या टीमने २०१० मध्ये ब्राझील-पोर्तुगालमधल्या साक्षर आणि निरक्षर मोठ्या माणसांचे मेंदू स्कॅन केले, तर वाचता येणाऱ्यांचा हा पट्टा अक्षरं दिसली की जास्त जोरात कामाला लागतो. पण कामाला जुंपलेला बैल जुनी खोडही घेऊन येतो ना! ३ आणि ६ तर जवळजवळ आरशातली भावंडं, त्यांना वेगळं मानायचं म्हणजे पोरीला आधी जुनी सवय मोडावी लागते. ६-७ वर्षांपर्यंत हे अगदी कॉमन आहे.

(डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेनवाले, म्हणजे मेंदूचा मधला भाग जागा करतो म्हणणारे, क्लास लावू नका हं. पोरं नाकाजवळच्या फटीतून बघतात, आणि अक्षरं ओळखणारा मेंदूतला पट्टा मिडब्रेनमध्ये नसतोच मुळी.)

भाचीला म्हटलं, ताटात रवा पसर, बोटाने ३ गिरवायला लाव, सुरुवात दरवेळी वरूनच, पोट उजवीकडे आणि तोंडाने "तीन". डोळा फसला तरी हाताला दिशा लक्षात राहते. ओरडू नकोस. हां, सात-आठ वर्षांनंतरही क, म, ळ सुटे येतात पण जोडून "कमळ" होत नाही असं दिसलं तर तज्ज्ञांना दाखव, कारण डिस्लेक्सियात खरी अडचण बहुतेकदा आवाज ओळखण्या-जोडण्याची असते, उलट्या अक्षरांची नाही.

काल फोटो आला. ३ एकदम सरळ. ६ चा मात्र आता ३ होतोय.