सांधा सुजलाय की नुसता दुखतोय?

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण आता उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे ओळखलं जातं. संधिवाताच्या अभ्यासकांना मात्र ते वेगळ्याच कारणाने माहीत आहे. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातून आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाचा तो भाग होता. साधारण ६ हजार वस्तीच्या त्या गावात ४ हजारांवर प्रौढांची विचारपूस झाली. त्यातल्या सुमारे १८ टक्के लोकांचं काही ना काही दुखत होतं. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा खांदा. खरा आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, निघाला साधारण ०.५ टक्के लोकांत.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की गावातल्या किंवा गल्लीतल्या डॉक्टरची अडचण कळते. त्याच्या बाकावर रोज कुणीतरी ‘सांधे धरलेत’ म्हणत बसलेलं असतंच. त्यांतले बहुतेक जण झिजेचे, कष्टाचे किंवा वयाचे. एखाद्याच्याच शरीरातली रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्या सांध्यांवर उलटलेली असते. आणि तो एखादासुद्धा येताना तेच वाक्य घेऊन येतो.

त्या एकाला वेळेत ओळखायचं ते का? आमवातात सांध्याच्या आतल्या पातळ अस्तराला सूज येते, ते जाड होतं आणि हळूहळू कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) व हाड कुरतडायला लागतं. बऱ्याच रुग्णांत हे नुकसान पहिल्या दोन वर्षांतच एक्स-रेवर दिसू लागतं, आणि कुरतडलेलं हाड पुन्हा भरून येत नाही. उलट पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य औषध सुरू झालं, तर रोग शांत होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणून युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते, की सूज सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत रुग्ण तज्ज्ञासमोर बसलेला असावा. आपल्याकडे सहा आठवडे तेल चोळण्यात जातात, पुढचे दोन महिने मेडिकलमधून आणलेल्या गोळीवर, आणि मग कुणीतरी ओळखीतला एखादा काढा सुचवतो. संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांत, तेही मोजकेच. तेव्हा हे सहा आठवडे वाचवायचे असतील तर ते फॅमिली डॉक्टरच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावरच वाचतील, दुसरीकडे कुठे नाही.

त्यासाठी मशीन लागत नाही. एक प्रश्न लागतो: सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो? झिजेच्या दुखण्यात पाच-दहा मिनिटांत सांधा चालू होतो आणि दिवसभर वापरला की संध्याकाळी ठणकतो. आमवातात उलटं असतं. सकाळी मूठच वळत नाही, अर्धा तास, तास, कधी दोन तास. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि कामाला लागल्यावर जरा बरं वाटतं. बायकांना ‘कडकपणा किती मिनिटं’ असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. ‘भाकरी थापता येते का? कपड्यांचा पिळा घट्ट बसतो का?’ असं विचारलं की उत्तर लगेच येतं.

मग हात हातात घ्यायचे. चार बोटांच्या मुळांशी जी गाठाळ रांग आहे, मूठ वळली की वर येते ती, तिला दोन्ही बाजूंनी हलकेच एकत्र दाबायचं, हस्तांदोलन करताना दाबतो तेवढंच. रुग्ण कळवळला तर ती महत्त्वाची खूण. तीच तपासणी पायाच्या बोटांच्या मुळांशीही करायची. चप्पल-बूट काढायला सांगण्याचा कंटाळा अनेकांना नडतो. त्यानंतर एकेक सांधा अंगठ्याने चाचपायचा. आमवाताची सूज तिंबलेल्या कणकेसारखी मऊ लागते, दाबली की किंचित दबते. झिजेचा सांधा मोठा दिसला तरी बोटाला टणक लागतो, कारण तिथे हाडच वाढलेलं असतं, आणि ते बहुधा नखाजवळच्या पेरात. आमवात त्या पेराच्या सहसा वाटेला जात नाही. सगळं मिळून तीन-चार मिनिटांचं काम. तीन किंवा जास्त सांधे सुजलेले, दाबल्यावर कळ, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडणं: यातलं काहीही सापडलं तर तज्ज्ञाकडे पाठवायची चिठ्ठी लिहायची. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक सूचना तर आणखी स्पष्ट आहे. सूज टिकून असेल आणि कारण कळत नसेल, तर रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असले तरी रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवा.

आणि इथेच आपली गाडी उलट दिशेने चालते. हात बघण्याआधी रक्त जातं. पॅथॉलॉजी लॅबच्या दरपत्रकात ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाची जोडणी असते: आरए फॅक्टर (आमवातात रक्तात बहुधा सापडणारं प्रतिपिंड), युरिक ॲसिड, एएसओ, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी), जमल्यास एएनए (प्रतिकारयंत्रणा स्वतःवर उलटल्याची खूण शोधणारी). कुठलाही सांधा दुखला की सगळं एकदम. मला हा प्रकार निरुपद्रवी वाटत नाही.

आरए फॅक्टरचंच गणित करून बघू. भिगवणसारख्या गावातल्या १००० प्रौढांची सरसकट तपासणी केली असं धरू. आमवाताचे रुग्ण त्यात असतील पाच. ही चाचणी त्यांच्यातल्या साधारण ७० टक्क्यांना पकडते, म्हणजे तीन किंवा चार जणांना. उरलेल्या, आमवात नसलेल्या ९९५ माणसांत सुमारे २० पैकी एकाला ती विनाकारण पॉझिटिव्ह येते, वय वाढलं की जास्तच. म्हणजे ५० जण. एकूण ५३-५४ पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी खरा आजार तिघा-चौघांना! क्षयरोग, कुष्ठरोग, हेपॅटायटिस सी अशा दीर्घ संसर्गांतही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि यांतले पहिले दोन आजार आपल्याकडे अजून आहेत. दुसऱ्या बाजूला, खरा आमवात असलेल्या साधारण दर दहा रुग्णांत तिघांचा रिपोर्ट निगेटिव्हच असतो. ‘रिपोर्ट क्लिअर आहे, काही नाही’ असं ऐकून घरी गेलेली एखादी बाई वर्षभराने वाकडी बोटं घेऊन येते. अँटी-सीसीपी ही आमवाताचीच नंतर आलेली चाचणी खोटी पॉझिटिव्ह फार कमी वेळा येते, पण निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असं तिच्यावरूनही म्हणता येत नाही. सूज सापडली की मग या चाचण्यांना अर्थ येतो. त्याआधी त्या गोंधळ वाढवतात.

एएसओची कथा तर जास्तच खेदाची. घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग होऊन गेला, एवढंच ती सांगते. शाळकरी वयात, घसादुखीनंतर काही आठवड्यांनी ताप आणि एकातून दुसऱ्यात सरकणारी सांधेदुखी झाली, तर ऱ्हुमॅटिक ताप ओळखायला तिचा उपयोग. तो आजार हृदयाच्या झडपा बिघडवतो आणि त्यात दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावंच लागतं. पण पस्तिशी-चाळिशीच्या माणसाचा गुडघा दुखतोय, एएसओ वाढलाय, म्हणून त्यालाही तीच इंजेक्शनं टोचत राहणं हा शुद्ध गैरसमज आहे. युरिक ॲसिडचंही तसंच. ते वाढलेल्या बहुतेकांना गाउट, म्हणजे त्याचे स्फटिक सांध्यात साचून होणारा आजार, कधीच होत नाही. पायाच्या अंगठ्याशी लालबुंद सूज, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, असा झटका आला असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या आकड्यावर टोमॅटो आणि डाळी बंद करून ते कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी चालू करायची गरज नसते.

महाराष्ट्रात आणखी एक फसवं दुखणं आहे, चिकुनगुन्या. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली होती, मग तीसेक वर्षं तो जवळजवळ विस्मृतीत गेला आणि २००६ मध्ये मराठवाड्यापासून विदर्भापर्यंत लोकांना अक्षरशः वाकवून परतला. तेव्हापासून अधूनमधून येतोच. ताप उतरल्यावर हाताचे लहान सांधे सुजतात, सकाळी आखडतात, दाबल्यावर दुखतात. वर सांगितलेल्या सगळ्या खुणा जुळतात! फरक काळाने कळतो. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं, थोड्यांचं तीन महिन्यांपलीकडे रेंगाळतं. म्हणून केसपेपरवर तापाची तारीख लिहून ठेवणं ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट इथे रोगनिदान ठरते. सुरुवातीच्या दिवसांत पॅरासिटामॉलच बरं, कारण तो ताप डेंग्यूचाही असू शकतो आणि इतर वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कंबरदुखीत एक वेगळा रुग्ण हुकतो. विशी-तिशीतला मुलगा, पहाटे कंबर दुखून जाग येते, पडून राहिलं की वाढतं, फिरलं की कमी होतं, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय. हे ओझं उचलल्याचं दुखणं नाही, मणक्यांचा दाहक संधिवात असू शकतो. जगभर याच्या निदानाला वर्षानुवर्षं लागतात, कारण कंबर दुखणाऱ्या तरुणाला सगळे बेडरेस्ट सांगतात.

आता औषधांकडे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली त्याबद्दल नोबेल मिळालं. दुष्परिणाम कळायलाही वेळ लागला नाही. पण ‘दोन दिवसांत गुण’ या जाहिरातीमागे आजही अनेकदा त्याच जातीचं औषध असतं, बिननावाच्या पुडीत कुटून. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. अशी पुडी महिनोन्‌महिने घेणाऱ्याला ‘आजपासून बंद’ म्हणणंही धोक्याचं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. पुडीतलं स्टेरॉइड हळूहळू उतरवत न्यावं लागतं. पुडीवाला रुग्ण फॅमिली डॉक्टरकडे बिचकत कबुली देतो. शहरातल्या तज्ज्ञाला बहुतेकदा सांगतच नाही.

आमवाताचं मुख्य औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. मूळचं कॅन्सरचं, आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली लेडर्ली कंपनीत फॉलिक ॲसिडला अडवणाऱ्या औषधांवर जे काम झालं, त्यातून ते आलं. आमवातात त्याचा डोस अगदी लहान आणि आठवड्यातून एकदाच. हा ‘एकदाच’ सर्वांत घातक ठिकाणी घसरतो. रोज एक गोळी घ्यायची सवय असलेला माणूस तीही रोज घेतो, आणि काही दिवसांत तोंडभर फोड, घसरलेल्या पांढऱ्या पेशी, ताप. जीवही जातो. चिठ्ठीवर ‘दर रविवारी’ असं मराठीत लिहायचं, फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या वारी द्यायची, आणि रुग्णाकडून एकदा वदवून घ्यायचं. सुरुवातीला थोड्या-थोड्या आठवड्यांनी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी रक्तपेशी, एसजीपीटी (यकृतासाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) बघायचं, दारूची चौकशी करायची. यातल्या एकाही गोष्टीसाठी पुण्या-मुंबईच्या एसटीत बसायची गरज नाही. तज्ज्ञाने आखून द्यावं, गावातल्या डॉक्टरने सांभाळावं, ही वाटणी परवडतेही आणि टिकतेही.

सांभाळायचं आणखी एक कारण हृदयाचं आहे. आमवाताच्या रुग्णाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो, त्यामुळे सांध्यांच्या फाइलमध्ये रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांची नोंद हवीच. क्षयरोगाचा इतिहासही तिथेच लिहिलेला बरा. पुढे कधी प्रतिकारयंत्रणेचा ठरावीक दुवा रोखणारी ‘बायोलॉजिक’ इंजेक्शनं द्यायची वेळ आली तर लपलेला क्षय उफाळू शकतो, आणि कुणाच्या घरात कुणाला टीबी झाला होता हे फॅमिली डॉक्टरइतकं कुणाला माहीत नसतं.

आमवात बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दोन ते तीनपट जास्त, आणि लग्नाच्या वयातही सुरू होतो. मुलीचं ‘वाताचं औषध’ चालू आहे हे बऱ्याच घरांत सासरपासून लपवलं जातं. मग गोळ्या लपतात, नाहीतर बंद होतात. मेथोट्रेक्सेट गर्भाला अपाय करतं, ते गर्भधारणेच्या आधी काही महिने थांबवावं लागतं. आमवातावरचीच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासलाझिन ही औषधं मात्र गरोदरपणातही चालतात, तेव्हा औषध बदलून आजार ताब्यात ठेवता येतो. हे बोलणं लग्न ठरल्या ठरल्या व्हायला हवं. तज्ज्ञाची पुढची तारीख तीन महिन्यांनी असते. पत्रिका मात्र फॅमिली डॉक्टरच्या घरी आलेली असते, तेव्हा आई-वडिलांना बाहेर बसवून मुलीशी आणि तिची तयारी असेल तर होणाऱ्या नवऱ्याशीही बोलायचं काम त्याचंच.