गिअर स्लिप होतोय की गाडी लिम्प मोडमध्ये गेलीय?

जुनी ऑटोमॅटिक फोर बाय फोर घेतलेल्या माणसाची तक्रार ठरलेली असते: "गाडी नुसती रेस होते, ओढत नाही." सोलापुरात अक्कलकोट रोडला किंवा होटगी रोडला एखाद्या गॅरेजात एवढं बोललात की बऱ्याचदा उत्तर येतं, "साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागतोय." कधी ते खरंही असतं. पण हीच तक्रार दोन वेगवेगळ्या दुखण्यांत ऐकू येते. स्लिपमध्ये गिअरबॉक्सच्या आतली पकड सुटलेली असते. लिम्पमध्ये पकड ठणठणीत असते, पण गिअर बदलायचा हुकूमच खाली पोचत नाही. पहिल्यात खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. दुसऱ्यात कधी कधी उंदरानं कुरतडलेली एक वायर जोडली की काम भागतं, आणि उसाच्या फडाशेजारी शेडमध्ये लावलेल्या गाड्यांचं तर उंदराशी जुनंच वैर आहे.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडल नसलं तरी आत क्लच प्लेटांचे गठ्ठे असतात, काही गिअरबॉक्समध्ये बँडही असतात. पंप ऑइलचं प्रेशर तयार करतो आणि त्या प्रेशरनं प्लेटा आवळल्या जातात. प्लेटा झिजल्या, सील कडक झाले, फिल्टर चोंदला किंवा नुसतं ऑइल कमी झालं, तरी आवळणं ढिलं पडतं आणि प्लेटा एकमेकींवर घसरतात. हे झालं स्लिप. कुठला गठ्ठा कधी आवळायचा हे कॉम्प्युटर सॉलेनॉइडमार्फत, म्हणजे करंटवर उघडझाक होणाऱ्या ऑइलच्या झडपांमार्फत, ठरवतो. एखाद्या सेन्सरचा सिग्नल गेला किंवा सॉलेनॉइडची वायर तुटली की कॉम्प्युटर धोका पत्करत नाही, सॉलेनॉइडचा करंटच तोडतो. मग करंटशिवाय जो गिअर लागतो, त्या एकाच गिअरमध्ये गाडी राहते. बऱ्याच गाड्यांत तो तिसरा असतो. हा झाला लिम्प मोड, घरापर्यंत पोचता यावं एवढीच ती सोय.

आता घोळ कुठे होतो बघा. जागेवरून थेट तिसऱ्या गिअरमध्ये निघायचं म्हटलं की टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, खूप वेळ घसरतो. आरपीएमचा काटा दोन हजारांवर चढतो आणि गाडी म्हशीसारखी उठते. सीटवर बसलेल्याला हे हुबेहूब स्लिप वाटतं, आणि सात रस्त्याच्या सिग्नलवर मागचे हॉर्न वाजवायला लागले की काट्याकडे बघायला कुणाला सवड असते? म्हणून सिग्नलवरून निघताना गाडी कशी वागते यावरून काहीच ठरवू नका. हे मी ठासून सांगतो, कारण बहुतेक चुकीची निदानं इथेच जन्मतात.

मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी एकदा चाळीसच्या पुढे न्या आणि शेजारी बसलेल्याला दोन्ही काटे बघायला सांगा. गिअर एकच असेल आणि पकड धड असेल, तर आरपीएम आणि वेग हातात हात घालून वाढतात. चाळीसला १६०० असतील तर साठला २४०० च्या आसपास दिसले पाहिजेत. कन्व्हर्टरमुळे थोडं इकडेतिकडे होईल, पण हिशोब जुळतो. लिम्पमध्ये हा हिशोब शेवटपर्यंत जुळत राहतो, फक्त वरचा गिअर पडतच नाही. ऐंशीला इंजिन ओरडत असतं, पण ओढ घट्ट असते. स्लिपमध्ये हिशोब मध्येच मोडतो. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की काटा २००० वरून ३००० वर उडी मारतो आणि वेगाचा काटा जिथल्या तिथे. गिअर बदलताना अशी उडी दिसली आणि मग धपकन गिअर बसला, तरी ते स्लिपच्याच घरचं.

यानं नाहीच कळलं तर तुळजापूरचा घाट आहे. चढावर लोड आला की झिजलेल्या प्लेटा लपत नाहीत. त्यातही गिअरबॉक्स तापल्यावर जास्त, कारण तापलेलं ऑइल पातळ होतं आणि प्रेशर गळतं. सकाळी ठीक, एप्रिलच्या दुपारी चाळीस डिग्रीत बेकार, असं होत असेल तर संशय स्लिपवर घ्या. लिम्पला ऊन-सावलीचं फारसं देणंघेणं नसतं. ते एका क्षणी येतं, खड्ड्यात आदळल्यावर, गाडी धुतल्यावर, ओढ्यातून काढल्यावर. बॅटरी उतरली तरी येतं. बऱ्याचदा किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की गाडी काही किलोमीटर शहाण्यासारखी चालते. झिजलेल्या प्लेटा किल्ली फिरवून बऱ्या होत नाहीत. जुन्या टोयोटा आणि फोर्डमध्ये अशा वेळी 'ओ/डी ऑफ'चा (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद असल्याचा) दिवा लुकलुकतो. लोक त्याला बटणाचा दिवा समजून सोडून देतात.

टोयोटाच्या जुन्या ए-३४० जातीच्या चार गिअरच्या बॉक्सवर एक झकास चाचणी करता येते. सॉलेनॉइडचा प्लग काढून ठेवायचा आणि लिव्हर हातानं बदलायचा. 'एल'ला पहिला, '२'ला तिसरा आणि 'डी'ला चौथा गिअर लागला पाहिजे. तिन्ही घट्ट लागले तर आतलं यंत्र बहुतांशी शाबूत आहे, दोष वायर, सेन्सर किंवा कॉम्प्युटरकडे शोधा. त्याच घराण्यातली दुसरी चाचणी वेळेची: गरम इंजिन, आयडलवर, ब्रेक दाबून 'एन'मधून 'डी' टाका. झटका १.२ सेकंदाच्या आत जाणवला पाहिजे, 'आर'ला १.५ सेकंदाच्या आत. जास्त उशीर म्हणजे प्रेशर कमी किंवा प्लेटा गेल्या.

ऑइल मात्र दोन्हीत आधी बघा. डिपस्टिक असेल तर गाडी सपाट जागेवर, ऑइल गरम, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या खणांतून फिरवून 'पी'त आणून. इंजिन ऑइलसारखं बंद करून बघितलंत तर लेव्हल चुकीची दिसणार. काळं आणि जळका वास असेल तर प्लेटा जळताहेत. लाल आणि स्वच्छ पण कमी असेल तर गळती शोधा, कदाचित तेवढ्यावर भागेल. काळ्या मातीतल्या ओढ्यात बोनेटपर्यंत पाण्यात गेलेल्या गाडीचं ऑइल गढूळ गुलाबी निघालं तर आत पाणी गेलंय. अशी गाडी पुढे चालवू नका. रेडिएटरमधला कूलर फुटला तरी हाच रंग येतो.

स्कॅनर लावताना एक काळजी घ्या. स्वस्तातला स्कॅनर पुष्कळदा फक्त इंजिनचा कॉम्प्युटर वाचतो आणि पी-०७०० हा कोड दाखवून गप्प बसतो. त्याचा अर्थ एवढाच, की खरी तक्रार गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, तो वाचणारा स्कॅनर आणा. पुढे शेवटचा आकडा बघा. पी-०७५३ म्हणजे पहिल्या सॉलेनॉइडच्या वायरिंगची गडबड. पी-०७५१ म्हणजे तोच सॉलेनॉइड हुकूम मिळूनही नीट काम करत नाही, तिथे ऑइलमधला कचराही कारण असू शकतो. पी-०७१५ आणि पी-०७२० स्पीड सेन्सरचे. पी-०७३० ते पी-०७३५ आले की मात्र जपून, कारण हे 'गिअरचं गुणोत्तर जुळत नाही' असं सांगतात. ते स्लिपमुळेही येतात आणि खोटं बोलणाऱ्या सेन्सरमुळेही.

इथेच दोन्ही दुखणी एकमेकांत मिसळतात. प्लेटा घसरल्या, कॉम्प्युटरला गुणोत्तर चुकलेलं दिसलं आणि त्यानं गाडी लिम्पमध्ये टाकली, असंही होतं. म्हणून क्रम विचारायचा: आधी काटा उडायला लागला की आधी गिअर अडकला? महिनाभर काटा उडत होता आणि मग गिअर अडकला, तर नुसता सेन्सर बदलून पैसे घालवू नका.

आणि हो, गॅरेजात जायच्या आधी ट्रान्सफर केसचा, म्हणजे टू व्हील-फोर व्हील बदलायचा लिव्हर बघा. '४एल'मध्ये (फोर व्हीलच्या लो गिअरमध्ये) राहिलेली गाडी रेस होते, ओढते भरपूर आणि पळत मात्र नाही. हसू नका, असं होतं.

गाडी बंदच पडली तर टोचन लावून ओढत आणू नका. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद, आणि चाकं फिरताना आतले भाग कोरडे घासतात. मोहोळहून सोलापूरपर्यंत असं ओढत आणलंत तर लिम्पमधला धडधाकट गिअरबॉक्सही इथे पोचेपर्यंत खरंच उतरवायच्या लायकीचा होऊ शकतो. चारही चाकं उचलणारी गाडी मागवा.