गांधीहत्येशी जोडलेले घरचे जुने फोटो : तपासणीला आणण्याआधी एवढे वाचा

आमच्याकडे जुन्या फोटोंचे स्कॅनिंग, दुरुस्ती आणि तपासणी होते. तपासणीसाठी येणारे बरेच जण एकच प्रश्न घेऊन येतात. दर वेळी तोच खुलासा काउंटरवर उभ्याउभ्या करण्यापेक्षा तो छापून ठेवलेला बरा. प्रश्न साधारण असा असतो : "१९४८ साली आमचे आजोबा दिल्लीत होते. गांधीजींना गोळ्या घातल्या त्या दिवशी त्यांनी हा फोटो काढलाय. खरा आहे ना?" कधी आजोबांच्या जागी आत्याचे यजमान असतात, कधी सरकारी खात्यात बदली होऊन गेलेले शेजारी. सोबत एक प्रिंट असते. ती बहुतेक वेळा अल्बममधून सोडवलेली, ओल्या कापसाने पुसलेली आणि कडा कापून चौरस केलेली असते. काही जण तर "सुरक्षित राहावी म्हणून" लॅमिनेशन करूनच आणतात.

आमचे काम इथेच अडते, आणि तुमचे पैसेही इथेच वाया जातात.

प्रिंट अल्बममधून काढू नका

फोटोत काय दिसते ते सगळ्यांनाच दिसते. तो कुठून आला हे कळायचे तर त्याची मागची बाजू, त्याच्या कडा, शेजारचे फोटो आणि तो ज्या पाकिटातून निघाला ते पाकीट पाहावे लागते. तुम्ही प्रिंट सोडवून आणता तेव्हा आमच्या कामाचे जवळजवळ सगळे घरीच राहते.

त्या काळी हौशी माणसाच्या हातात बहुधा बॉक्स कॅमेरा असे. एका रोलमध्ये सहा बाय नऊ सेंटिमीटरचे आठ फोटो निघत आणि निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराची कॉन्टॅक्ट प्रिंट काढली जाई. त्यामुळे अल्बमच्या एका पानावर घरातले बारसे, कुतुबमिनारसमोर उभी असलेली मंडळी आणि शोकाकुल गर्दी असे तीन फोटो असतील, आणि तिन्हींचा कागद, पांढरी किनार, आकार एकसारखा असेल, तर ते एकाच रोलमधले असण्याची शक्यता आम्हाला लगेच तपासता येते. तोच गर्दीचा फोटो दुसऱ्या कागदावर, वेगळ्या मापाचा आणि अधिक चकचकीत निघाला, तर तो विकत घेतलेला किंवा कुणीतरी दिलेला असण्याचा संभव वाढतो. पान शाबूत असेल तर हा निकाल थोड्या वेळात लागतो. सुटी प्रिंट हातात आली की त्यालाच आठवडा जातो, आणि शेवटी आम्हाला "सांगता येत नाही" असे लिहून द्यावे लागते.

मागची बाजू तर फारच बोलकी असते. स्टुडिओच्या शिक्क्यात "पुणे ३०" असेल तर एक गोष्ट आणि "४११०३०" असेल तर दुसरी, कारण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. शिक्क्यात पिनकोड असलेली प्रिंट १९४८ ची नव्हे. ती जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेली असू शकते, म्हणजे फोटो बाद होत नाही, पण "आजोबांनी तेव्हाच धुऊन आणलेली" ही कहाणी बाद होते. तारखेचेही तसेच. मागे बॉलपेनने "३०-१-४८" लिहिलेले असते आणि घरचे तेवढ्यावर निर्धास्त असतात. बॉलपेन आपल्याकडे घरोघरी आले ते त्यानंतरच्या दशकांत. मग ती तारीख म्हणजे पुढे कधीतरी कुणाला तरी जे आठवले ते. ते लिखाणही आम्हाला हवेच असते, कृपया खोडू नका. फक्त त्याला पुरावा म्हणू नका.

पुसण्याबद्दल. १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात चमक आणणारी द्रव्ये मिसळू लागले. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर पांढरा उजळतो, त्याआधीचा कागद मंद राहतो. आमच्याकडची ही सर्वांत सोपी आणि स्वस्त चाचणी. पण कपडे धुण्याच्या पावडरीतही तसलीच द्रव्ये असतात. साबणाच्या पाण्याने पुसलेली अस्सल जुनी प्रिंटसुद्धा दिव्याखाली नव्यासारखी चमकते, आणि एका बोळ्यापायी चाचणी कायमची निकामी होते. लॅमिनेशन झाले असेल तर कागदापर्यंत पोहोचताच येत नाही. ते काढून देण्याचे काम आम्ही घेत नाही.

निगेटिव्हचा एवढा आग्रह का

"निगेटिव्ह कशाला हवी, फोटो तर समोर आहे," असे म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या डॅलस शहराचे उदाहरण.

२२ नोव्हेंबर १९६३ ला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची तिथे हत्या झाली. दुसऱ्या दिवशी आरोपी ली हार्वी ओस्वाल्ड याच्या सामानात पोलिसांना घरच्या अंगणात काढलेले फोटो सापडले. त्यांत तो रायफल आणि वर्तमानपत्रे हातात घेऊन उभा आहे. ओस्वाल्डने चौकशीत सांगितले की चेहरा माझा आहे, पण तो दुसऱ्याच्या धडावर चिकटवलाय. सावल्यांवरून आणि हनुवटीवरून पुढे कित्येक वर्षे वाद चालला. फोटोकडे नुसते बघून तो मिटण्यासारखा नव्हता.

वादाला आधार मिळाला तो निगेटिव्हने. एका फोटोची निगेटिव्ह मिळाली होती, आणि ओस्वाल्डच्या भावाकडून इम्पीरियल रिफ्लेक्स हा साधा, स्वस्तातला कॅमेरा नंतर हाती आला. प्रत्येक कॅमेऱ्यात फिल्मसमोर जी चौकट असते तिच्या कडेवर बारीक खाचा आणि खरवडे असतात, आणि ते निगेटिव्हच्या कडेला उमटतात. एफबीआयचे तज्ज्ञ लिंडल शेनीफेल्ट यांनी त्या कॅमेऱ्याने चाचणी निगेटिव्ह काढून त्यांच्या कडा जुळवल्या आणि हा फोटो याच कॅमेऱ्यातला, दुसऱ्या कुठल्याही नव्हे, अशी साक्ष या हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगासमोर दिली. ओस्वाल्डच्या पत्नीने, मरीनाने, फोटो आपणच काढल्याचे सांगितले. ज्या फोटोची निगेटिव्ह नव्हती त्याबद्दल इतक्या ठामपणे बोलता आले नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी संसदेच्या समितीने नेमलेल्या तज्ज्ञांनी पुन्हा तपासणी केली आणि बनावटीची खूण सापडली नाही असे सांगितले. त्यांनीही मुख्य भर दिला तो निगेटिव्हवर आणि मूळ प्रिंटवर.

ही कडच तुम्ही कात्रीने कापून आणता, म्हणून आम्ही चिडतो. राग मानू नका.

आपल्याकडचे उदाहरण तामिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरचे. २१ मे १९९१ ला राजीव गांधींच्या हत्येत फोटो काढणारा हरीबाबू स्वतःही मारला गेला, पण त्याचा कॅमेरा घटनास्थळीच सापडला आणि आतल्या फिल्मने तपासाला दिशा दिली. ते फोटो कुणाचे, कुठले, कधीचे, हे प्रश्न फारसे उरले नाहीत, कारण कॅमेरा, फिल्म आणि जागा यांची साखळी तुटलेली नव्हती. घरच्या अल्बमकडून आम्ही एवढी अपेक्षा ठेवत नाही. पण कपाटात जुना कॅमेरा पडला असेल तर तो भंगारात घालण्याआधी आम्हाला दाखवा. तो चालत नसला तरी चालेल.

आमच्या टेबलावर वारंवार येणारे फोटो

आधी एक सांगतो. ३० जानेवारी १९४८ ला संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी बिर्ला हाउसच्या हिरवळीवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या क्षणाचे खात्रीचे एकही छायाचित्र आजवर पुढे आलेले नाही. तुमच्या प्रिंटमध्ये नथुराम पिस्तूल रोखून उभा असेल आणि समोर गांधीजी असतील, तर तो बहुधा "नाइन अवर्स टु रामा" या १९६३ च्या ब्रिटिश चित्रपटातला प्रसंग आहे. त्यात नथुरामची भूमिका जर्मन नट होर्स्ट बुखहोल्झने केली होती. हा फोटो मोबाइलवरून वर्षानुवर्षे फिरतोय आणि दर जानेवारीत आमच्याकडेही येतो. त्याची तपासणी आम्ही करत नाही, फुकटसुद्धा नाही.

अंत्ययात्रेच्या फोटोंत घोटाळा वेगळा. खरी अंत्ययात्रा ३१ जानेवारी १९४८ ची. पार्थिव लष्करी गाडीवर होते आणि ती गाडी जवान दोरांनी ओढत होते. रिचर्ड ॲटनबरो यांच्या "गांधी" चित्रपटासाठी हीच यात्रा दिल्लीत ३१ जानेवारी १९८१ ला, नेमक्या त्याच तारखेला, पुन्हा उभी केली गेली. तीन लाखांहून जास्त लोक जमले होते, आणि त्यांतल्या कुणी फोटो काढले असतील तर नवल नाही. अशी कृष्णधवल प्रिंट तीस वर्षे ट्रंकेत राहिली की घरातली पुढची पिढी तिला सहज १९४८ ची समजते. इथे कागद उपयोगी पडतो. प्लॅस्टिकचा थर दिलेला फोटोचा कागद १९७० च्या दशकात रूढ झाला. तो हाताला ओळखू येतो आणि भिंगाखाली तर लपतच नाही.

काही फोटोंत हिरवळीवर स्मृतिस्तंभ किंवा सिमेंटमध्ये उठवलेली पावले दिसतात. ती नंतरची. बिर्ला हाउसचे गांधी स्मृती झाले आणि १९७३ पासून ते लोकांना पाहायला खुले झाले, त्यानंतर सहलीला गेलेल्यांनी काढलेले हे फोटो. मागे "तीस जानेवारी मार्ग" लिहिलेले असेल तरी तेच. हत्येच्या वेळी त्या रस्त्याचे नाव अल्बुकर्क रोड होते.

आणि अस्थी. १२ फेब्रुवारी १९४८ ला अलाहाबादच्या संगमावर मुख्य विसर्जन झाले, शिवाय देशभर ठिकठिकाणच्या नद्यांत अस्थी नेल्या गेल्या. तुमच्या फोटोत नदी, घाट आणि मोठी गर्दी असेल तर दिल्लीचा हट्ट सोडून आजोबा त्या महिन्यात कुठे होते ते घरात विचारा. अशा प्रिंट अस्सल निघण्याचे प्रमाण आम्हाला तरी चांगले दिसते. स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने त्या पिस्तुलाच्या फोटोपेक्षा कितीतरी मोलाच्या असतात. पण हे ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो, काय करणार!

भिंगाखाली सारख्या अंतराचे ठिपके दिसले तर तो वर्तमानपत्राचा किंवा मासिकाचा फोटो, कुणीतरी पुन्हा कॅमेऱ्याने टिपलेला. एवढे तुम्ही घरीच पाहू शकता.

उजेडाचाही विचार करा. जानेवारीच्या अखेरीस दिल्लीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बॉक्स कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या साधारण पंचविसाव्या ते पन्नासाव्या भागाएवढे उघडे राही, आणि त्याची भिंगेही अंधुक. प्रार्थनेच्या वेळी, हलत्या गर्दीत, त्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत प्रत्येक चेहरा कोरल्यासारखा स्पष्ट असेल तर आम्ही थांबतो. एखाद्याकडे महागडा कॅमेरा असू शकतो, हे कबूल. मग तो कॅमेरा घरात कुणाला आठवतो का, हा पुढचा प्रश्न.

"खरा" असा दाखला का मिळत नाही

यावरून आमच्याशी भांडण होते. आम्ही अहवालात "खरा" किंवा "खोटा" लिहीत नाही. कागद कुठल्या काळाशी जुळतो, प्रिंट निगेटिव्हवरून काढलेली आहे की दुसऱ्या प्रिंटवरून, त्यात जोडकामाची खूण दिसते का, आणि फोटोतली जागा व प्रकाश सांगितलेल्या वेळेशी जुळतात का, एवढेच लिहितो. फोटो कुणी काढला हे बहुतेक वेळा कागदावरून कळत नाही. ते घरच्या पत्रांतून, प्रवासाच्या नोंदींतून आणि माणसांच्या सांगण्यातून जुळवावे लागते, आणि ते आम्ही तुमच्या नावाने, तुमच्या शब्दांत नोंदवतो. असा अहवाल संग्रहालयाला किंवा अभ्यासकाला दाखवता येतो. नुसत्या शिक्क्याच्या दाखल्याला तिथे कुणी विचारत नाही.

गटफोटोत कुणाच्या तरी डोक्यावर बाण काढून "हाच नथुराम" लिहून आणणाऱ्यांनाही हेच उत्तर. माणूस ओळखणे आणि कटाबद्दल मत देणे, दोन्ही आमच्या कामात बसत नाही. तुम्ही कुठल्या बाजूचे आहात हे आम्ही विचारत नाही, तुम्हीही अहवालाकडून तशी अपेक्षा ठेवू नका. निकाल मनासारखा लागला नाही तरी तपासणीची फी परत मिळत नाही, कारण काम तेवढेच झालेले असते.

काय आणावे, कसे आणावे

अल्बम आख्खा आणा. पानांमधले पातळ कागदही राहू द्या. फोटो सुटलेले असतील तर कुठल्या पानावरून सुटले ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा, फोटोवर नको. निगेटिव्ह मूळ पाकिटातच ठेवा. आंबट वास येत असेल तर मात्र ते पाकीट बाकीच्यांपासून दूर, कागदी लखोट्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चित्रावरून आम्ही मत देत नाही. तो फोटो दाबून लहान होऊन येतो आणि मागची बाजू तर त्यात नसतेच.

दुरुस्ती, रंगसफाई, मोठी प्रिंट, फ्रेम हे सगळे आम्ही आनंदाने करतो, पण तपासणीनंतर. आख्खा अल्बम दिलात तर सगळ्या पानांचे दोन्ही बाजूंनी स्कॅनिंग तपासणीच्या फीतच होते आणि त्याची प्रत तुम्हाला पेनड्राइव्हवर मिळते. नंतर घरात अल्बमची वाटणी झाली तरी पाने कशी होती याची नोंद राहते.

वर्तमानपत्राला किंवा शाळेतल्या प्रदर्शनाला तीस जानेवारीसाठी फोटो द्यायचा असेल तर अल्बम दिवाळीनंतर लगेच आणा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर आलेल्या कामाचा अहवाल फेब्रुवारीतच मिळेल. त्या दिवसांत "फक्त एक नजर टाका" म्हणून आणलेल्या प्रिंटवर आम्ही तोंडी मतही देत नाही, कारण तेच मत दुसऱ्या दिवशी आमच्या नावाने छापून येते.